नळ आला की आपोआप कळेल

दिग्रसच्या ज्ञानदीप लेआउटमध्ये दिवसभर इमानदारीनं नोकरी करूनही बेकार समजला जाणारा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे लखन राठोड. कारण तो घरी बसून काम करायचा. कंपनी पुण्याची, साहेब पुण्याचा, पगार पुण्याचा. फक्त खुर्ची तेवढी दिग्रसची. सकाळी त्याची बायको बबिता खांद्याला पर्स लावून शाळेत शिकवायला निघाली, की समोरच्या ओट्यावरून विमलकाकू आधी तिच्याकडं कौतुकानं आणि मग खिडकीत बसलेल्या लखनकडं दयेनं पाहायच्या. एकदा त्यांनी हळू आवाजात विचारलंही होतं, की आमच्या ह्यांच्या ओळखीनं एका जिनिंगमध्ये कारकुनाची जागा निघते आहे, शब्द टाकू का. लखननं नको म्हटलं. तोवर तो नुसताच बेकार होता, त्या दिवसापासून आळशीही झाला.

घरी बसणाऱ्या माणसाकडं काही कामं आपल्या पायांनी चालत येतात. सिलिंडर उतरवून घेणं, शेजाऱ्यांची पार्सलं सांभाळणं, मांजर दुधात तोंड घालत नाही ना हे पाहणं. या कामांनी माणसाचा स्वाभिमान थोडाथोडा झिजतो, पण जीव जात नाही. जीव जायचा तो पाण्याच्या कामानं. लेआउट गावाच्या टोकाला. तिथली विहीर, टाकी आणि पाणी समिती, सगळं लेआउटचं स्वतःचं. लाइन, म्हणजे वीज, असली की विहिरीवरची मोटर चालणार, टाकी भरली की टाकीवर कामाला असलेला उकंडाभाऊ व्हॉल्व्ह सोडणार. हे कधी जुळून येईल ते उकंडाभाऊलाही आधी ठाऊक नसायचं. तरी हरेक घरची बाई त्याला ओट्यावर बसवून चहा पाजायची, आणि तोही चहा संपेपर्यंत आपल्याला ठाऊक आहे असा चेहरा ठेवायचा.

म्हणून घरोघरी एकच व्यवस्था होती. तोटी उघडी आणि खाली पत्र्याची बादली. पाणी यायच्या आधी नळ सूं सूं करायचा, मग खोकायचा, मग बादलीत पहिली धार वाजायची, आणि ती वाजली की माणसं जेवत्या ताटावरून उठून धावायची. लखनच्या कानाला मात्र हेडफोन असायचा. तो पुण्याच्या लोकांशी बोलत असताना त्याच्या पाठीमागं नळ सूं सूं करून, खोकून, बादली भरून, वाहून, कंटाळून निघून जायचा.

असं लागोपाठ झालं. मग बबितानं रिकामा ड्रम आणून त्याच्या खुर्चीमागं, कॅमेऱ्यात नीट दिसेल असा उभा केला. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, लखन, ढोल शिकायला लागलास का. सगळे हसले. लखनही हसला, पण आतून त्याला ते फार लागलं, आणि त्यानं ठरवलं की या नळाचा बंदोबस्त आपल्या विद्येनंच करायचा.

त्याची विद्या म्हणजे वेबसाइटचे लहान लहान सुटे भाग बनवणं. अशा भागाला कंपोनंट म्हणतात. एकदा बनवला की कुठल्याही पानावर एका शब्दात लावता येतो, वजनाला अगदी हलका, आणि त्याच्या पोटात एखाददुसरी गोष्ट ठेवलेली असते, तिला प्रॉपर्टी म्हणतात. समजा ती ठेवली 'नळ : नाही'. मग कुठूनतरी खबर आली आणि ती झाली 'नळ : आला', की पडद्यावरचं चित्र त्याच क्षणी आपलं आपण बदलतं. पान पुन्हा उघडा, ताजं करा, असली भानगड नाही. लखनला या गोष्टीचं लग्नाच्या आधीपासून कौतुक होतं, आणि ते ऐकून घेणारं माणूस त्याला दिग्रसमध्ये आजवर भेटलं नव्हतं.

एका रविवारी बसून त्यानं तो भाग बनवला. एक गोल टिकली. नळ नसला की करडी, आला की निळी. उकंडाभाऊच्या फोनवर बटन दिलं. व्हॉल्व्ह सोडला की दाबायचं, बंद केला की पुन्हा दाबायचं. घरच्यांनी टिकलीचं पान उघडून ठेवायचं, बस. सकाळी उठल्याउठल्या लोक एकमेकांना गुलाबाचे फोटो पाठवतात, त्यातल्या एका पाकळीएवढंही त्या टिकलीचं वजन नव्हतं. पुढच्या वेळी पाणी आलं तेव्हा लखन मीटिंगमध्येच होता. बाजूच्या फोनवर टिकली निळी झाली. त्यानं आपला आवाज बंद केला, उठून घरची मोटर लावली आणि परत येऊन साहेबांच्या प्रश्नाला उत्तर दिलं. संध्याकाळी बबितानं काठोकाठ भरलेल्या ड्रममध्ये हात बुडवून पाहिला आणि त्याच्यासाठी भजी तळली.

इथंच थांबलं असतं तर लखन सुखी झाला असता. पण त्याच्या घरात त्याचे वडील किसनसिंग होते.

किसनसिंग एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. पुसद-यवतमाळ गाडीत शेवटच्या सीटवर झोपलेल्या माणसाला जाग येईल असा आवाज त्यांनी जन्मभर लावला होता, आणि रिटायर झाल्यावर तो कमी करायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पोरगा घरी बसून करतो काय, या प्रश्नाला आजवर त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. आता मिळालं. लखननं समजावलेल्या सगळ्या माहितीतून त्यांनी 'आपोआप' हा एकच शब्द उचलला आणि ते लेआउटमधल्या घरांच्या तिन्ही ओळी फिरून आले.

"काहीच नाही करा लागत, बाई," ते प्रत्येक ओट्यावर सांगत. "फोन उघडा ठेवायचा. नळ आला की आपोआप कळते. माह्या पोरानं बनवलं."

बघता बघता लेआउटमधल्या हरेक फोनवर टिकली आली. विमलकाकूंनी दयेनं पाहणं बंद केलं. एका घरून लखनला आंब्याचं लोणचं आलं. फक्त उकंडाभाऊचा चहा तुटला; आता त्याला कुणी काही विचारत नव्हतं. तो आपला बटन दाबायचा आणि कोरड्या घशानं घरी जायचा.

विमलकाकूंचे यजमान रामराव हे सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले आणि पाणी समितीचे अध्यक्ष. आपल्या हद्दीत एक गोष्ट ठरावाशिवाय सुरू होते आणि वर ती नीट चालते, हे त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी सभा बोलावली.

सभेत आधी रंगाचा विषय निघाला. करडा मळकट दिसतो, असं एकीचं म्हणणं पडलं. निळा एका पक्षाचा वाटेल, असं कुणीतरी म्हणालं. मग हिरवा सुचला, भगवा सुचला, आणि प्रत्येक रंगाला खुर्च्यांची एकेक रांग गंभीर होत गेली. शेवटी नंदाबाईंनी तुरीच्या वरणाचा रंग सुचवला. नंदाबाई घरी पापड करून विकायच्या आणि वादात त्यांना रस नव्हता. त्यांचं पीठ भिजलेलं होतं. वरण सगळ्याच पक्षांत खातात, म्हणून तो रंग एकमतानं पास झाला.

मग टिकलीवर अध्यक्षांचा फोटो असावा का, हा विषय अध्यक्षांनीच मांडला आणि अध्यक्षांनीच मोठ्या संकोचानं मान्य केला. फोटोपाठोपाठ सुविचार आला, सुविचाराशेजारी पंचांग आलं, पंचांगाखाली ज्याचा वाढदिवस असेल त्याला शुभेच्छा आल्या, आणि रंग सुचवल्याबद्दल नंदाबाईंच्या पापडांची जाहिरात खालच्या पट्टीतून सरकू लागली. लखननं विरोध करून पाहिला. हलकेपणा हाच या वस्तूचा गुण आहे, असं तो म्हणाला. रामराव म्हणाले की समितीच्या कामाला वजन पाहिजे. त्या पाकळीएवढ्या टिकलीला आता उघडताना धाप लागायची. रामराव वरून खाली हळूहळू उमटत, आधी कपाळ, मग चष्मा, मग मिशी. मिशी पुरी झाली की मग नळाचं कळायचं.

एक तक्रार मात्र खरी होती. लेआउटमध्ये घरांच्या तीन ओळी, तिन्हींचे व्हॉल्व्ह वेगवेगळे. पहिल्या ओळीला पाणी आलं की टिकली सगळ्यांचीच बदलायची, आणि तिसऱ्या ओळीतली माणसं बाजारातून धावत येऊन कोरड्या तोटीसमोर घाम पुसत उभी राहायची. प्रत्येक ओळीची खबर वेगळी पाहिजे, हे लखनलाही पटलं. त्यानं एका 'नळ'च्या जागी तीन ओळींची यादी ठेवली, प्रत्येक ओळीपुढं 'नळ नाही', 'नळ आला' किंवा 'येऊन गेला', आणि उकंडाभाऊला तीन बटनं दिली. एका दुपारी, एका कानानं साहेबांचं ऐकत, त्यानं ती घाईघाईत बसवली, फोनवर पान उघडून पाहिलं, बरोबर दिसलं, आणि तो जेवायला उठला.

शेवटचा ठराव रामरावांच्या स्वतःच्या डोक्यातून निघाला. ज्याअर्थी खबर फोनवर मिळते, त्याअर्थी तोट्या उघड्या ठेवणं हा पाण्याचा अपव्यय आहे. सबब सर्वांनी तोट्या बंद कराव्यात व बादल्या उचलाव्यात. 'सबब' ऐकल्यावर कुणी हात वर केला नाही. बादल्या उचलल्या गेल्या.

त्यानंतर पहिल्यांदा पाणी यायचं होतं ते रामरावांच्या मुलीच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, सकाळी. समीक्षा त्यांची एकुलती एक. मुलगा पुसदचा, कपिल नावाचा, पुण्यात नोकरीला. लेआउटच्या मोकळ्या जागेत मांडव उभा राहिला. पाहुणे दुपारी येणार, आणि स्वयंपाकापासून हातपाय धुण्यापर्यंत सगळ्याला पाणी लागणार. म्हणून रामराव स्वतः उकंडाभाऊच्या घरी गेले. टाकी आदल्या दिवशी भरून ठेव, सकाळी तिन्ही ओळींना भरपूर सोड, आणि लोकांचं भरून झालं की उरलेलं पाणी काढून टाकी आतून धुऊन घे, असं सांगून आले. पाहुण्यांपैकी कुणी टाकीवर चढून आत डोकावेल, अशी भीती त्यांना का वाटली कोण जाणे, पण वाटली. उकंडाभाऊनं छातीला हात लावून शब्द दिला.

त्या सकाळी सगळा लेआउट फोन समोर ठेवून बसला. किसनसिंग ओळीओळीनं फिरत होते आणि कुणाचं बोट पडद्याकडं जाताना दिसलं की त्याला थांबवत होते. हात नका लावू, ते आपोआप बदलन, असं त्यांचं चाललं होतं. लोकांनी हात लावला नाही. आचाऱ्यानं डाळ निवडून ठेवली आणि पालथ्या गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, बसून तोही फोनकडं पाहू लागला. सगळ्या फोनांवर रामराव होते आणि त्यांच्या मिशीखाली तिन्ही ओळींपुढं 'नळ नाही'. ऊन मांडवात उतरलं तरी नळ नाही. मग लाइनच गेली.

अशा वेळी उकंडाभाऊ मांडवात आला. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध, आणि तोंडावर मोठं काम पार पाडल्याचं समाधान.

"झालं ना पानी भरून?" त्यानं विचारलं.

 रामराव सावकाश उठले. "उकंडा, तू मले शब्द देल्ला होता."

"मंग? सोडलं ना, साहेब. तिन्ही ओळीले सोडलं, बटनंबी दाबली. लय वेळ थांबलो. मंग बंद केलं, टाकी रिकामी केली, धुतली. चुना मारला आतून."

रामरावांनी आपला फोन त्याच्यापुढं धरला. त्यांच्यामागं सगळ्या लेआउटनं आपापला फोन पुढं धरला. उकंडाभाऊ त्या सगळ्या फोनांकडं आणि प्रत्येक फोनातल्या रामरावांकडं पाहत राहिला.

"मशीन खोटं बोलून राह्यली का मंग?" रामराव म्हणाले. "उद्यापासून तू टाकीवर याचं काम नाही."

 उकंडाभाऊनं सदऱ्याची गळ्याजवळची गुंडी सोडली, आता पाहुण्यासारखं राहायची गरज उरली नाही अशी.

लखन मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं फोन थोडा आडोशाला धरला आणि पान पुन्हा उघडलं. कपाळ, चष्मा, मिशी, आणि खाली तिन्ही ओळींपुढं 'येऊन गेला'.  कंपोनंट आपली यादी बदलली का एवढंच पाहतो. लखननं यादी तीच ठेवून तिच्या पोटातली ओळ बदलली होती. पान नव्यानं उघडलं तर नवी यादी मिळते आणि सगळं बरोबर दिसतं; त्यानंही तसंच उघडून पाहिलं होतं. उघड्या ठेवलेल्या पानावर मात्र जन्मभर काही बदलणार नव्हतं. आणि पान उघडं ठेवा, हात लावू नका, हे त्याच्याच बापानं घरोघर जाऊन सांगितलं होतं.

ही गोष्ट त्या मांडवात त्याच्याशिवाय कुणालाही कळली नसती. नेटवर्क गेलं असेल, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण उकंडाभाऊ मांडवातून बाहेर पडायला वळला होता.

"काका, पानी आलतं," लखन म्हणाला. "उकंडाभाऊनं बटन दाबलं होतं. चूक माही आहे."

त्याला वाटलं आता आपल्यावर आभाळ कोसळणार. तसं काही झालं नाही. रामरावांनी पुढं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गरिबाची नोकरी वाचवायला तू स्वतःवर घेऊन राह्यला, हा तुझ्या मनाचा मोठेपणा आहे, पण समितीला शिस्त ठेवावी लागते, असं ते भरल्या आवाजात म्हणाले. विमलकाकूंनी पदर डोळ्याला लावला. किसनसिंग तर चिडलेच. माझ्या पोराच्या कामात चूक निघूच शकत नाही, आणि कुणी तसं म्हणत असेल, भले तो माझा पोरगा का असेना, तर त्यानं आधी माझ्याशी बोलावं, असं त्यांनी मागच्या सीटपर्यंत ऐकवलं.

आता लखनवर असा प्रसंग आला, की जो माणूस इतके दिवस आपण कामाचे आहोत हे पटवत होता, त्याला आपण चुकलो हे पटवावं लागलं. आणि हे दुसरं काम पहिल्यापेक्षा जड निघालं. त्यानं आचाऱ्याकडून साखरेचा डबा मागितला. डबा फळीवर तोच आहे, म्हणाला, पण कुणी आतली साखर काढून मीठ भरलं, तर बाहेरून पाहणाऱ्याला कळेल का. माझा कंपोनंट फक्त डबा पाहतो. नंदाबाई म्हणाल्या की त्यांच्या घरी कळते, त्या डब्यावर लिहून ठेवतात. विमलकाकूंना शंका आली की साखरेच्या डब्यात कोणी कायले मीठ भरन. त्यावर बायकांमध्ये कोणाच्या सुनेनं असं केलं होतं ते निघालं, आणि डबा हातोहात फिरत परत आचाऱ्याकडं गेला.

शेवटी लखननं उकंडाभाऊलाच बोलावलं. त्याला मांडवाच्या मधोमध उभं करून बटन दाबायला लावलं. उकंडाभाऊनं तिन्ही बटनं सगळ्यांना दिसतील अशी दाबली. मांडवभर फोन होते. एकावरही काही हललं नाही. मग लखननं रामरावांच्या हातातला फोन घेतला आणि पान नव्यानं उघडलं. सगळे मान वाकवून वाट पाहू लागले. कपाळ आलं. चष्मा आला. मिशी आली. मिशीखाली वरणाच्या रंगात आलं, 'नळ आला'.

 रामरावांनी उभ्या नोकरीत कुणाची माफी मागितली नव्हती आणि ती कशी मागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पाहुण्यांसाठी मांडलेल्या पहिल्या रांगेतली गादीची खुर्ची ओढली आणि उकंडाभाऊला तीत बसवलं. त्याच्यासाठी चहा सांगितला, पण चहाला पाणी कुठून आणणार, हे आठवून ते तिथंच थांबले.

किसनसिंगांनी फोन खिशात टाकला. लखनकडं न पाहता ते मांडवाबाहेर गेले, आणि त्यांची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. लखनला त्या आवाजाइतकं वाईट त्या दिवसात कशाचंच वाटलं नाही. बाप आपल्यामुळं गावात तोंड दाखवायच्या लायकीचा राहिला नाही, आणि आता बहुतेक चुलत्याकडं तांड्यावर जाऊन बसणार, असं त्याला वाटलं.

ते तांड्यावरच गेले होते. पण थोड्या वेळानं लेआउटच्या तोंडाशी ट्रॅक्टर दिसला. चुलते धावजी चालवत होते, मागं फवारणीसाठी पाणी न्यायचा त्यांचा टँकर होता, आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किसनसिंग बसले होते, तोंडात शिट्टी. टँकर मांडवापाशी लागताच त्यांनी उतरून बायकांची रांग लावली, मधे घुसणाऱ्याला मागं पाठवलं, लेकरंवाल्या बाईला पुढं घेतलं. लखनशी ते बोलले नाहीत. पाइपाचं टोक तेवढं त्यांनी त्याच्या हातात दिलं. लखन गुडघ्यापर्यंत भिजत गंज, घागरी, ड्रम भरत राहिला. डाळ शिजायला पडली.

पाहुणे आले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं, लखन सोडून. तो घरी जाऊन खोलीचं दार लोटून बसला होता. बबितानं दोनदा बोलावलं, त्यानं डोकं दुखतं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, तुमचं डोकं नाही, नाक दुखून राह्यलं. आणि हिरव्या काठाची साडी नेसून एकटीच मांडवात गेली.

इकडं पहिल्या रांगेत बसलेला उकंडाभाऊ येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सकाळची हकीगत सांगत होता. एकदा नोकरी जाऊन परत आल्यामुळं त्याला ती सांगायचा हक्कच होता. डबा तोच असला की मशीनले कळत नाही, हे तो नवरदेवाच्या मामाला समजावत असताना शेजारी बसलेल्या नवरदेवानं कान टवकारले. कपिल पुण्यात हेच काम करायचा. त्यानं उकंडाभाऊला लखनचं घर कोणतं ते विचारलं, हात धुऊन येतो म्हणाला, आणि उठला.

लखननं दार उघडलं तर समोर फेटा बांधलेला माणूस. "यादी तीच ठेवून आत बदललं का?" त्यानं विचारलं.

लखनला गहिवरून आलं. इतक्या वर्षांत दिग्रसमध्ये त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. दोघं पडद्यापुढं बसले. बदल एका ओळीचा होता. आतली ओळ बदलायची नाही, यादीच नवी करून ठेवायची. पण एवढ्यावर दोघांचं समाधान होईना. सुविचार काढला, पंचांग काढलं, शुभेच्छा काढल्या. पापडाची जाहिरात नंदाबाईंच्या धाकानं राहिली. "आणि हे कोण?" कपिलनं फोटोवर बोट ठेवलं. तुमचे सासरे, लखननं सांगितलं. कपिलनं थोडा विचार केला आणि म्हणाला, राहू द्या, लहान करू. मग तो म्हणाला की नुसतं चित्र बदलून भागत नाही, आवाजही पाहिजे. माणूस काही सदानकदा फोनकडं पाहत नसतो. लखननं पुष्कळ आवाज ऐकले आणि एक निवडला. एसटीची डबल बेल.

तोवर मांडवात नवरदेव हरवल्याची कुजबुज सुरू झाली होती. मुहूर्त जवळ आलेला. हात धुवायला गेलेला माणूस परत येत नाही, म्हणजे हात धुवायला पाणीच मिळालं नसेल, आणि असल्या लेआउटमध्ये सोयरीक नको म्हणून तो पुसदच्या गाडीत बसला असेल, इथवर लोक पोचले. रामरावांच्या तोंडचं पाणी पळालं. समीक्षा मात्र मान वर करून आरामात बसली होती. जायचंच असतं तर गाडीची किल्ली घेऊन गेला असता, ती आईला म्हणाली, किल्ली तर इथं ताटात आहे.

बबितानं खोलीचं दार ढकललं तेव्हा दोन डोकी एका पडद्यावर वाकलेली होती आणि फेटा खुंटीला लटकला होता. ती नवरदेवाला काही बोलू शकत नव्हती, म्हणून दोघांच्या वाट्याचं तिनं लखनला ऐकवलं, आणि दोघांनाही पुढं घालून मांडवात आणलं. येताच लखननं लेआउटमधल्या सगळ्यांना पान एकदा नव्यानं उघडायला लावलं.

दरम्यान लाइन आली होती. पहिल्या रांगेतली गादीची खुर्ची रिकामी होती, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. गुरुजींनी कुंकू लावून घेतलं, नारळ ओटीत पडला, अंगठ्यांचं ताट पुढं आलं. फोटोग्राफर एका गुडघ्यावर टेकला. समीक्षानं ताटातली अंगठी उचलायला हात पुढं केला, आणि मांडवातल्या सगळ्या खिशांतून, पर्समधून, ब्लाउजमधून, गादीखालून एकाच वेळी वाजलं, टिंग टिंग.

सकाळपासून कोरडी राहिलेली माणसं ती. खुर्च्या सरकल्या. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. गुरुजी दुसऱ्या ओळीत राहायचे; ते अक्षता खिशात टाकून गेले. फोटोग्राफर तिसऱ्या ओळीतला. त्यानं कॅमेरा गळ्यात मागं टाकला आणि पळाला. पुसदच्या पाहुण्यांना काही कळेना, पण सगळे पळताहेत म्हटल्यावर तेही पळाले. बसा, बसा, असं रामराव म्हणत होते, तेवढ्यात विमलकाकूंनी त्यांना सांगितलं की मोटर तुमीच लावा लागते, मले जमत नाही. रामराव गेले.

किसनसिंग आपल्या फोनकडं पाहत उभे होते. मग त्यांनी लखनकडं पाहिलं.

"डबल बेल?"

"हो, बापू."

 वळून त्यांनी गर्दीला आवाज दिला, चला, चला, पुढं सरका, आणि त्या आवाजामागोमाग तेही गेले. काकूंची पोरगी एकटी कशी टाकायची म्हणून बबितानं लखनला तिथंच थांबायला सांगितलं आणि स्वतः पदर खोचून घराकडं निघाली.

मांडवात तिघंच उरले. पंखा फिरत होता. समीक्षा आणि कपिल इतक्या महिन्यांत एकदाही नातेवाइकांशिवाय समोरासमोर बसले नव्हते. लखन वरच्या झालरीकडं पाहू लागला, पण कान काही झालरीकडं नेता येत नाहीत.

"पुण्याले तुमच्याकडं रोज येते का पानी?" समीक्षानं विचारलं.

हो म्हणायला कपिलचं काही जात नव्हतं. त्यानं तसं तोंड उघडलंही. मग तो म्हणाला, "टँकर येतो. कधी येईल ते सांगता येत नाही."

 समीक्षानं ताटातली अंगठी उचलली आणि त्याच्या बोटात घातली. त्यानं तिच्या बोटात घातली. मंत्र नाही, अक्षता नाहीत, फोटो नाही. दूर तिसऱ्या ओळीत कुणाची तरी टाकी भरून वाहू लागल्याचा आवाज येत होता.

लोक परत आले तेव्हा सगळे दमलेले आणि खुशीत होते. रामरावांनी दोघांच्या बोटांकडं पाहिलं आणि ते हादरले. हे नियमात बसत नाही, म्हणाले. दोन्ही अंगठ्या काढायला लावून, ताटात ठेवून, गुरुजींना उभं करून, त्यांनी सगळं पुन्हा करून घेतलं, यावेळी फोटोसकट. तो फोटो आज रामरावांच्या बैठकीत लावलेला आहे. त्यात नवरानवरी आणि लखन सोडले तर बाकी सगळे गुडघ्यापर्यंत भिजलेले आहेत.